ट्रेडमिलवर डोंगराळ शर्यतीची तयारी: चढाचा सराव आणि उताराची तजवीज

सपाट प्रदेशात राहणाऱ्या, किंवा कामाच्या वेळांमुळे पहाटेच्या आणि रात्रीच्या अंधारातच सवड मिळणाऱ्या धावपटूने चढ-उताराच्या मार्गावरील शर्यतीत नाव नोंदवले, की सरावासाठी चढ आणायचा कोठून, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. ट्रेडमिल हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. अर्धे म्हणण्याचे कारण असे, की चढाचा सराव हे यंत्र प्रत्यक्ष डोंगरावरही साधणार नाही इतक्या नेमकेपणाने करून देते. उतार मात्र ते बहुधा देतच नाही, आणि डोंगराळ शर्यतीत पाय हार मानतात ते पुष्कळदा उतारामुळेच. ज्यांनी केवळ ट्रेडमिलवर चढाचे डोंगर उपसले आणि उताराचा विचार केला नाही, त्यांची तयारी एका पायावर उभी असते. म्हणून पुढील आराखडा या उणिवेला मध्यभागी ठेवूनच मांडला आहे.

आराखडा १२ आठवड्यांचा आहे. तो हाती घेण्यापूर्वी आठवड्यातून तीन-चार दिवस, सपाटीवर, न थांबता ४५ मिनिटे सहज धावता येणे आवश्यक आहे. हृदयविकार, रक्तदाब, छातीत दुखणे किंवा चक्कर येणे यांचा पूर्वेतिहास असल्यास चढाचा जोरकस सराव डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये.

ट्रेडमिलवरचा चढ खरा असतो का?

अनेकांच्या मनात अशी शंका असते, की ट्रेडमिलवर शरीर एकाच उंचीवर राहते, तेव्हा चढण्याचे श्रम होतातच कसे? या शंकेचे निरसन आधीच व्हायला हवे, कारण ती मनात राहिली तर सरावावर विश्वास बसत नाही. तिरका पट्टा धावपटूला प्रत्येक क्षणी मागे आणि खाली नेत असतो. जागेवर टिकून राहण्यासाठी त्याला प्रत्येक पावलागणिक स्वतःचे वजन तितकेच वर उचलावे लागते. पट्टा स्थिर वेगाने फिरत असेल, तर स्नायूंच्या दृष्टीने डोंगर चढणे आणि डोंगर खाली सरकत असताना जागेवर राहणे यांत फरक नसतो. फरक पडतो तो वाऱ्याचा, कारण ट्रेडमिलवर हवा कापत पुढे जावे लागत नाही. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाऊस्ट यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पट्ट्याला १ टक्का चढ दिल्यास ताशी साधारण १०.५ ते १८ किलोमीटर या वेगांसाठी बाहेरच्या सपाट रस्त्यावरील श्रमांची बरोबरी होते. ‘ट्रेडमिल नेहमी एकवर ठेवा’ हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला येथून आला आहे. मात्र वाऱ्याचा अडथळा वेगाबरोबर वाढतो आणि तीव्र चढावर वेग मुळातच कमी असतो. त्यामुळे ६ टक्क्यांच्या चढाचा सराव करताना त्यात आणखी १ टक्का मिळवण्याची गरज नाही.

पहिली पायरी: शर्यतीचा मार्ग कागदावर उतरवणे

‘मार्गावर एकूण ४५० मीटर चढ आहे’ एवढी माहिती सरावासाठी पुरेशी नसते. तो चढ एका दीर्घ पट्ट्यात आहे की लहान लहान टेकड्यांत विखुरलेला आहे, आणि तो शर्यतीच्या सुरुवातीला येतो की पाय दमल्यावर, यावर तयारीचे स्वरूप ठरते. आयोजकांनी दिलेला उंचीचा आलेख घ्यावा आणि त्याचे तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकड्याची लांबी व त्यात वाढलेली उंची लिहावी. उंचीला लांबीने भागून १०० ने गुणले की चढाचे टक्के मिळतात. १ किलोमीटरमध्ये ५० मीटर उंची वाढली, तर तो ५ टक्क्यांचा चढ होय.

येथे सरासरी फसवते. समजा, एका चढाची लांबी ५ किलोमीटर आणि उंची २५० मीटर आहे. सरासरी ५ टक्के आली, म्हणून धावपटू ५ टक्क्यांवर सराव करीत राहतो. प्रत्यक्षात पहिले २ किलोमीटर ३ टक्क्यांचे, पुढचा दीड किलोमीटर ८ टक्क्यांचा, मग अर्धा किलोमीटर सपाट आणि शेवटचा १ किलोमीटर ७ टक्क्यांचा असू शकतो. बेरीज २५० मीटरच होते, पण कस लागतो तो त्या दीड किलोमीटरात. म्हणून तुकडे अर्ध्या किलोमीटरपेक्षा मोठे पाडू नयेत आणि सर्वांत तीव्र तुकडा वेगळ्या रंगाने नोंदवून ठेवावा.

त्याच कागदावर उताराचेही तुकडे तेवढ्याच काळजीने लिहावेत. बहुतेक जण हे टाळतात. बॉस्टन मॅरेथॉनचा मार्ग याबाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथे प्रारंभरेषा अंतिम रेषेपेक्षा सुमारे १४० मीटर उंचावर आहे आणि सुरुवातीचे बरेच अंतर उताराचे आहे. त्यानंतर न्यूटन भागातील चार चढ येतात आणि त्यांतील शेवटचा ‘हार्टब्रेक हिल’ ३२ किलोमीटरनंतर लागतो. हा चढ जेमतेम ६०० मीटर लांबीचा आणि ३० मीटरहूनही कमी उंचीचा आहे. ताज्या पायांना तो जाणवणारही नाही. त्याची ख्याती झाली ती तो येण्यापूर्वीच्या उतारांनी मांड्यांची केलेली अवस्था आणि तोवर कापलेले अंतर यांमुळे.

दुसरी पायरी: यंत्राची पारख

ट्रेडमिलच्या पडद्यावरील आकडे बरोबर असतीलच असे नाही. यंत्र जुने असेल, पट्टा सैल असेल किंवा जमीन समतल नसेल, तर वेग आणि चढ दोन्हींत चूक निघते.

चढ तपासण्यासाठी यंत्र बंद ठेवून, पडद्यावर १० टक्के लावलेल्या स्थितीत, पट्ट्यावर लांबीच्या दिशेने १ मीटर लांबीची सरळ पट्टी आणि तिच्यावर पाणसळ ठेवावी. पट्टीचे वरचे टोक पट्ट्याला टेकलेले ठेवून खालचे टोक ती समतल होईपर्यंत उचलावे. त्या टोकाखालची फट १० सेंटीमीटर भरली, तर चढ खरोखर १० टक्के आहे. मोबाइलमधील कोनमापक वापरायचा असेल, तर अंश आणि टक्के यांची गल्लत होऊ देऊ नये: ५ टक्के म्हणजे सुमारे २.९ अंश, १० टक्के म्हणजे ५.७ अंश आणि १५ टक्के म्हणजे ८.५ अंश. पडद्यावर शून्य असतानाही एकदा मोजावे. जमीन तिरकी असल्यास तेथेच कळते.

वेगासाठी पट्ट्याच्या कडेला खडूने खूण करावी आणि पट्ट्याची पूर्ण लांबी मोजून घ्यावी. मग एकाने धावावे व दुसऱ्याने मिनिटभरात होणारे फेरे मोजावेत. पट्टा ३ मीटरचा असेल आणि मिनिटात ५० फेरे झाले, तर १५० मीटर अंतर झाले, म्हणजेच ताशी ९ किलोमीटर. धावणारा पट्ट्यावर असतानाच मोजणे महत्त्वाचे आहे, कारण वजनाखाली काही यंत्रांचा पट्टा मंदावतो. मिळालेला फरक सरावाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा. सराव एकाच यंत्रावर होणार असेल, तर फरक असला तरी फारसे बिघडत नाही. दर वेळी वेगळे यंत्र मिळत असेल, तर मात्र आकड्यांपेक्षा श्वासावर अधिक भर द्यावा.

तिसरी पायरी: चढावरील वेग ठरवणे

चढावर सपाटीचा वेग टिकवण्याचा हट्ट ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने धावण्याच्या श्रमांसाठी दिलेल्या सूत्राप्रमाणे, चढ १ टक्क्याने वाढला की त्याच वेगाने धावण्याचे श्रम साधारण साडेचार टक्क्यांनी वाढतात. सपाटीवर ताशी १० किलोमीटर वेगाने आरामात धावणाऱ्याने तेवढेच श्रम राखायचे ठरवले, तर ४ टक्क्यांवर त्याचा वेग ताशी ८.५ किलोमीटरच्या आसपास, ६ टक्क्यांवर ७.९, ८ टक्क्यांवर ७.४ आणि १० टक्क्यांवर ६.९ असायला हवा. ज्याचा सपाटीचा वेग वेगळा असेल, त्याने आपल्या वेगाला अनुक्रमे १.१८, १.२७, १.३६ आणि १.४५ ने भागावे. हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावेत आणि दोन-तीन सरावांनंतर स्वतःच्या श्वासाप्रमाणे किंचित वरखाली करावेत.

याच संस्थेचे चालण्याचे सूत्र शेजारी ठेवले, की एक उपयुक्त गोष्ट हाती लागते. सपाटीवर एकाच वेगाने चालण्यापेक्षा धावणे बरेच खर्चिक असते, पण चढ वाढत जातो तसे हे अंतर मिटत जाते आणि ११ टक्क्यांच्या आसपास दोन्हींचा खर्च जवळजवळ सारखा होतो. याचा अर्थ असा, की मार्गावर १२–१५ टक्क्यांचे तुकडे असतील आणि तेथे आपला धावण्याचा वेग झपझप चालण्याइतकाच उतरत असेल, तर चालणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. चढावर चालणे म्हणजे हरणे नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. ती स्वतंत्र कला आहे आणि तिचाही सराव करावा लागतो.

चौथी पायरी: आठवड्यांची आखणी

आठवड्यातून चार दिवस धावावे: दोन दिवस ट्रेडमिलवर चढाचा सराव, एक दिवस हलकी धाव आणि एक दिवस दीर्घ धाव. चढाच्या दोन सरावांत किमान दोन दिवसांचे अंतर असावे. याखेरीज दोन दिवस २०–२५ मिनिटांचा ताकदीचा व्यायाम करावा. तो कोणता, हे उताराच्या भागात येईल. प्रत्येक सरावाच्या आधी शून्य ते १ टक्क्यावर १० ते १५ मिनिटे हळू धावून शरीर गरम करावे आणि शेवटी १० मिनिटे हळूहळू निवू द्यावे.

वहीत किलोमीटरबरोबर ‘चढलेले मीटर’ हा स्वतंत्र रकाना ठेवावा, कारण या तयारीत प्रगतीचे खरे माप तेच आहे. हिशेब सोपा आहे: पट्ट्यावरील अंतर गुणिले चढाचे टक्के. ६ टक्क्यांवर ४०० मीटर धावले की २४ मीटर चढले. एकूण ४५० मीटर चढाच्या शर्यतीसाठी पहिल्या आठवड्यात १५०–२०० मीटरपासून सुरुवात करून नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत ७०० मीटरच्या घरात पोहोचणे पुरेसे आहे. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात हा आकडा तिसऱ्या हिश्शाने कमी करावा. ट्रेडमिलवर उतरावे लागत नसल्यामुळे हा आकडा फार लवकर फुगवण्याचा मोह होतो; दम साथ देत असतो, पण पोटरी आणि टाचेची शीर यांना चढाची सवय व्हायला दमापेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिले तीन आठवडे सौम्य चढाचे. एका दिवशी ३ ते ४ टक्क्यांवर २० मिनिटे सलग, बोलता येईल अशा श्वासाने धावावे, ताशी ८.५ किलोमीटर वेगाने ४ टक्क्यांवर एवढ्यात सुमारे ११३ मीटर चढ होतो. दुसऱ्या दिवशी ५ टक्क्यांवर २ मिनिटांचे सहा तुकडे धावावेत आणि मध्ये शून्यावर २ मिनिटे हळू धावावे. या काळात लक्ष वेगापेक्षा ठेवणीवर असावे. पावले सपाटीपेक्षा लहान आणि झटपट पडावीत. शरीर किंचित पुढे झुकावे, पण ते घोट्यातून. कमरेत वाकल्यास श्वास कोंडतो आणि पाठ धरते. नजर पडद्यावर खिळवून मान खाली घालू नये, समोरच्या भिंतीवर काही अंतरावर ठेवावी. आणि कठड्याला हात लावू नये. १० टक्के चढ लावून कठडा धरून धावणारे लोक व्यायामशाळेत नेहमी दिसतात. हातांनी शरीराचा भार पेलला की पायांवरचे काम घटते आणि पडद्यावरील आकड्यांना अर्थ उरत नाही. कठडा धरावासा वाटतो आहे, याचा अर्थ वेग किंवा चढ कमी करण्याची वेळ आली आहे.

पाचव्या ते सातव्या आठवड्यात चढाची धार वाढवावी. एक दिवस ६ टक्क्यांवर ३ मिनिटांचे सहा तुकडे, जेमतेम दोन-चार शब्द बोलता येतील अशा श्रमाने. दुसऱ्या दिवशी ८ ते १० टक्क्यांवर ४५ सेकंदांचे आठ ते दहा जोरकस तुकडे, मध्ये दीड-दोन मिनिटे चालणे. या लहान तुकड्यांत एक व्यावहारिक अडचण येते: अनेक यंत्रांना चढ वर-खाली करायला बराच वेळ लागतो आणि विश्रांतीचा निम्मा काळ त्यातच जातो. अशा वेळी चढ तसाच ठेवून केवळ वेग कमी करावा आणि विश्रांती अर्ध्या मिनिटाने वाढवावी, कारण ८ टक्क्यांवरचे चालणे ही पूर्ण विश्रांती नसते. फिरत्या पट्ट्यावरून बाजूच्या पायऱ्यांवर उडी मारून थांबण्याची आणि पुन्हा धावत्या पट्ट्यावर चढण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. दमलेल्या पायांनी हे करताना तोल जातो. सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवूनच धावावे.

नवव्या आणि दहाव्या आठवड्यात दीर्घ चढ. ५ टक्क्यांवर १५ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये ४ मिनिटे शून्यावर. ताशी ८ किलोमीटर वेगाने प्रत्येक तुकड्यात १०० मीटर, म्हणजे एका बैठकीत ३०० मीटर चढ होतो. मार्गावर चालावे लागेल असे तीव्र तुकडे असतील, तर दुसऱ्या दिवशी १२ टक्क्यांवर ताशी ५.५ किलोमीटरने २० मिनिटे चालावे; यात सुमारे २२० मीटर चढ होतो आणि पोटऱ्यांना त्याची जाणीव दुसऱ्या दिवशीही राहते. चालताना हात मांड्यांवर ठेवून ढकलण्याची सवय येथेच करून पाहावी.

या सर्व सरावांत प्रत्येक तुकडा चढावर संपवून थांबण्याऐवजी चढ शून्यावर आणत तीस-चाळीस सेकंद वेग थोडा वाढवून धावावे. शर्यतीत माथ्यावर पोहोचल्यावर बहुतेक जण सैल पडतात; चढ संपला तरी धाव संपलेली नसते, हे पायांना सरावातच कळायला हवे.

घरातील सरावात उष्णतेचा प्रश्न बाहेरच्यापेक्षा बिकट असतो, कारण जागेवर धावताना अंगावर वारा येत नाही आणि घाम सुकत नाही. परिणामी त्याच श्रमात हृदयाचे ठोके हळूहळू चढत जातात आणि धावपटूला आपली तयारी कमी पडते आहे असे वाटते. समोर, छातीच्या उंचीवर मोठा पंखा ठेवावा. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावे; अर्धा किलो घटले, तर साधारण अर्धा लिटर पाणी अंगातून गेले असे समजावे.

पाचवी पायरी: उताराची तजवीज

आता मुख्य उणिवेकडे वळू. उतारावर धावताना दम लागत नाही. अल्बर्टो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे २० टक्के उतारावर सर्वांत कमी असतो. दम सुखावतो, पण त्याच वेळी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असताना आकुंचन पावून प्रत्येक पावलाचा वेग रोखत असतात, आणि अशा कामात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. गॉट्सचॉल आणि क्रॅम यांच्या २००५ सालच्या अभ्यासात ९ अंशांच्या, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांच्या उतारावर पाऊल टेकतानाच्या आघाताचे शिखर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढलेले आढळले. तेवढ्याच चढावर हे शिखर दिसेनासेच झाले. चढाचा सराव सांध्यांना सुसह्य वाटतो तो याच कारणाने, आणि त्यावर विसंबून राहणारा धावपटू पहिल्या मोठ्या उतारावर उघडा पडतो तोही याच कारणाने. बाहेर ४५० मीटर चढून परतणारा तेवढेच उतरतो. ट्रेडमिलवर ४५० मीटर चढलेला एक मीटरही उतरलेला नसतो.

दिलासा असा, की हे स्नायू फार लवकर शिकतात. एकदा मध्यम प्रमाणात उताराचा ताण दिला, की पहिल्या वेळी मांड्या भरून येतात, १ ते ३ दिवस जिने उतरणे जड जाते, पण त्यानंतर तोच ताण पुन्हा दिला असता दुखणे लक्षणीयरीत्या कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यामुळे उताराचा सराव थोडा असला तरी चालेल, तो अजिबात नसणे चालणार नाही.

काही यंत्रांत पट्टा उलट दिशेने, साधारण उणे ३ टक्क्यांपर्यंत झुकतो. ही सोय असल्यास दुसऱ्या आठवड्यापासून उणे २ टक्क्यांवर ५ मिनिटांनी सुरुवात करून ती हलक्या धावेत २० मिनिटांपर्यंत न्यावी. ही सोय नसताना यंत्राच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून उतार तयार करण्याचा उद्योग काही जण करतात. तो करू नये. यंत्राचा सांगाडा आणि मोटर त्या स्थितीसाठी बनवलेली नसतात, आणि धावत्या माणसाच्या भाराखाली ठोकळा सरकला तर गंभीर दुखापत होते.

त्यापेक्षा शक्य असल्यास दर १०–१४ दिवसांनी एकदा खऱ्या उतारावर जावे. उड्डाणपुलाचा उतार किंवा बहुमजली वाहनतळाचा मोकळा उतारमार्गही चालतो, मात्र तेथे वाहतूक नसावी. पहिल्या वेळी १ मिनिटाचे सहा तुकडे सौम्य उतारावर धावावेत, पुढे तुकडे आणि उतार दोन्ही वाढवावेत. पाय शरीराच्या फार पुढे टाकून टाचेने वेग रोखू नये. पावले लहान आणि जलद ठेवावीत, गुडघा किंचित वाकलेला असावा, हात तोल सांभाळण्यासाठी थोडे बाहेर आले तरी हरकत नाही. हे कौशल्य घरात शिकता येत नाही.

तेही जमत नसेल, तर जिने आणि पायरी यांवर भिस्त ठेवावी लागते. पायरीवर एका पायाने उभे राहून दुसऱ्या पायाची टाच ३–४ सेकंद घेत सावकाश खाली जमिनीला स्पर्श करेपर्यंत न्यावी आणि परत वर यावे. प्रत्येक पायाने आठ ते दहा वेळा, असे तीन फेरे. गुडघा आत झुकत असेल, तर कमी उंचीची पायरी घ्यावी. याला एक पाय पुढे टाकून सावकाश खाली बसण्याच्या व्यायामाची जोड द्यावी, आणि चढासाठी पोटरीच्या व्यायामाची: टाचा उचलून तितक्याच सावकाश खाली आणणे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. तीन-चार आठवड्यांनी हातात वजन घ्यावे. इमारतीचे जिने कठड्याजवळून, घाई न करता १०–१५ मिनिटे उतरत राहणे हाही उत्तम सराव आहे; त्या वेळी वर जाण्यासाठी लिफ्ट वापरली तर काही बिघडत नाही, कारण वर जाण्याचे काम ट्रेडमिलने आधीच करून घेतले आहे.

सहावी पायरी: मार्गाची रंगीत तालीम

दहाव्या आठवड्याच्या दीर्घ धावेत पहिल्या पायरीत तयार केलेला कागद समोर चिकटवावा आणि शर्यतीचा सर्वांत अवघड अर्धा भाग तुकड्यातुकड्याने ट्रेडमिलवर धावून काढावा. वरच्या उदाहरणातील चढ घेतला, तर २ किलोमीटर ३ टक्क्यांवर, दीड किलोमीटर ८ टक्क्यांवर, अर्धा किलोमीटर शून्यावर आणि १ किलोमीटर ७ टक्क्यांवर. हा चढ शर्यतीत १२व्या किलोमीटरला येत असेल, तर तालमीतही आधी तासभर धावून मगच त्याला हात घालावा. जेथे मार्गावर उतार आहे तेथे शून्यावर थोड्या अधिक वेगाने, जलद पावलांनी धावावे. हा खरा उतार नव्हे, पण चढावरून वेगाकडे वळण्याची लय त्यातून जमते. शर्यतीत जे बूट, जे कपडे आणि जे पेय वापरायचे, तेच येथे वापरावेत.

या तालमीचा निम्मा भाग पडदा टॉवेलने झाकून धावावा. ट्रेडमिलचा पट्टा वेग ठरवून देतो आणि धावणारा त्याच्यामागे ओढला जातो. रस्त्यावर वेग ठरवणारे कोणी नसते. म्हणून वेगाचे बटण आकडा न पाहता, केवळ श्वास ऐकून वरखाली करावे आणि शेवटी टॉवेल काढून अंदाज किती जुळला ते पाहावे. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातील सर्वांत मोलाची अशी ही ४० मिनिटे आहेत.

सराव चालू असताना टाचेच्या शिरेत सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना ताठरपणा जाणवू लागला, किंवा तळपायात टाचेजवळ कळ येऊ लागली, तर ती चढ कमी करण्याची सूचना समजावी. आठवडाभर १ टक्क्यावर धावावे; कळ टिकली, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. दुखऱ्या शिरेला ताणून बरे करण्याचा प्रयत्न तीव्र चढावर करू नये.

शेवटचे दोन आठवडे आणि शर्यतीचा दिवस

उताराचा किंवा जिन्यांचा शेवटचा जोरदार सराव शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी करावा: मांड्या पूर्ण सावरतात आणि मिळालेले संरक्षण शाबूत राहते. अकराव्या आठवड्यात चढलेले मीटर शिखराच्या दोन तृतीयांशावर आणि शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या हिश्शावर आणावेत. चढाचे टक्के मात्र कमी करू नयेत, तुकड्यांची संख्या कमी करावी. शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी मार्गावरील सर्वांत तीव्र चढ लावून १ मिनिटाचे चार तुकडे धावावेत, इतकेच. त्यानंतर बाहेर, सपाटीवर, २०–३० मिनिटांच्या दोन हलक्या धावा कराव्यात, म्हणजे फिरत्या पट्ट्याला सरावलेल्या पायांना स्थिर जमिनीची पुन्हा ओळख होते.

शर्यतीत पहिल्या चढावर घड्याळातील वेग पाहूच नये. टॉवेल झाकून धावताना जो श्वास ओळखीचा झाला होता, तोच धरून चढावे. आजूबाजूचे पुढे गेले तरी जाऊ द्यावे. माथा ओलांडल्यावर तीस-चाळीस सेकंद तोच जोर ठेवावा आणि मग उताराला लागावे. पहिला उतार हा ट्रेडमिलवर तयारी केलेल्या धावपटूची खरी परीक्षा असते. तेथे दम भरपूर शिल्लक असतो आणि मोकाट सुटावेसे वाटते. मार्गात पुढे आणखी उतार असतील, तर या पहिल्या उतारावर हात राखून धावावे, पावले लहान ठेवावीत आणि शेवटच्या उतारासाठी मांड्या वाचवाव्यात.